रांधपाचा मान

ताईची पाळी गेली तेव्हा तिच्या सासरी पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले होते. सासूबाईंनी तिला समोर बसवलं, नवं लुगडं दिलं, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता तू मोकळी. यंदापासून देवीचं रांधप तुझं." ताईनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी बारावीचे पेपर तपासत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "चला, तुझ्या गर्भाशयाला कुणीतरी निरोप समारंभ दिला म्हणायचा." ती रागावली नाही. माझी जीभ तिला लहानपणापासून माहीत आहे. ती एवढंच म्हणाली, "तू ये हं त्या दिवशी. मी रांधलेलं खायला ये."

आमचे वडील डहाणू रोड स्टेशनात नोकरीला होते. आम्ही दोघी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलो. मी शिकत गेले आणि तलासरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले. ताई दहावीनंतर आशागडच्या पुढच्या एका पाड्यात दिली गेली. थोडी भातशेती, चिकूची छोटी वाडी, आणि एकत्र घर. त्या घरात पाळीच्या दिवसांत बाई पडवीत बसते. पडवीच्या एका कोपऱ्यात, दाराजवळ, पदराची नाहीतर गोणपाटाची घडी घालून त्यावर. ताट बाहेर, पाणी बाहेर, झोप बाहेर. मी या प्रकारावरून ताईशी, तिच्या सासूशी, भावजींशी, सगळ्यांशी भांडून झाले आहे. सासूबाई माझं सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्या घरात तू बस खुर्चीवर. आमच्यात नाय चालत." पुढे मग चहा द्यायच्या. त्यांच्याशी नीट भांडणंही जमत नसे.

चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेच्या आधी या घराच्या देवीला नैवेद्य असतो. भात, वालाची भाजी, नारळाच्या दुधातली तांदळाची खीर. हे सगळं एकच बाई रांधते, आणि जिची पाळी कायमची गेली आहे अशीच बाई रांधते. तिलाच ते मोकळी म्हणतात. त्या दिवशी स्वयंपाकघराचा उंबरा बाकी कुणी ओलांडत नाही. कितीतरी वर्षं हे काम सासूबाईंनी केलं. त्यांचे गुडघे गेले, तेवढ्यात ताई मोकळी झाली. तिच्या धाकट्या जावेचीही पाळी मागेपुढे होत होती, म्हणजे पुढचा नंबर तिचा. जाऊ थट्टेनं म्हणायची, "वहिनी, पळी जपून धरा, मना पण द्यायची हाय." त्या घरात ताईचं मत कधी कुणी विचारलं नव्हतं. रांधप मिळाल्यावर भावजीसुद्धा तिला विचारून बाजारात जायला लागले. मला हसू यायचं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

पहिल्या वर्षी तिनं रांधलं. मी पडवीत बसून केळीच्या पानावर जेवले. खीर इतकी चांगली झाली होती की मी देवीबद्दल एक शब्द वाकडा बोलले नाही.

त्याच सुमारास मी वर्गात विषाणूंचा धडा घेत होते. माझ्या वर्गात घरी वारली बोलणारी मुलं आहेत, गुजराती बोलणारी आहेत, एक-दोन हिंदी बोलणारी. पुस्तक इंग्रजीत आणि मी मराठीत, असा आमचा संसार चालतो. मी फळ्यावर पेशी काढली. म्हटलं, यात एक प्रथिन असतं, त्याचं काम पहाऱ्याचं. पेशीच्या डीएनएला इजा झाली की ते पेशीला थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती जमलीच नाही तर पेशीला मरायला लावतं. दुसरं एक प्रथिन आहे, ते पेशीला उगाच विभागू देत नाही, लगाम धरून ठेवतं. आता हा एचपीव्ही नावाचा विषाणू गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशीत येतो. त्याला स्वतःच्या प्रती काढायच्या आहेत, पण थांबलेली पेशी त्याच्या कामाची नाही. म्हणून तो दोन प्रथिनं बनवतो. ई-सहा आणि ई-सात. ई-सात लगाम धरणाऱ्याला अडकवून ठेवतं. ई-सहा पहारेकऱ्याला पकडून पेशीच्याच कचऱ्यात टाकायला लावतं. पहारा गेला, लगाम गेला. पेशी जिवंत आहे, निरोगी दिसते, आणि थांबायचं विसरली आहे.

"मग लगेच कॅन्सर?" मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं.

लगेच नाही, मी म्हटलं. बहुतेकांच्या शरीरातून हा विषाणू आपोआप निघून जातो. काहींच्यात राहतो. वर्षानुवर्षं राहतो. कधीतरी त्याचा तुकडा आपल्याच डीएनएत जाऊन बसतो आणि मग ती दोन प्रथिनं बनायची थांबतच नाहीत. चुका साचत जातात. आणि गंमत बघा, कॅन्सर होऊन विषाणूला काहीही मिळत नाही. त्याच्या दृष्टीनं तो अपघातच.

"पण बाईला कळत नाही का, मॅडम?"

डहाणूतल्या मुलांना समजेल असं काहीतरी सांगावं म्हणून मी ताईच्या वाडीतल्या चिकूचं सांगितलं. फळ कोवळं असताना अळी आत शिरते. शिरलेलं भोक बुजून जातं. फळ वाढतं, रंग धरतं, बेडणीच्या जाळीदार काठीनं उतरवून टोपलीत येतं. पुढे एक दिवस सालीवर भोक दिसतं. ते अळी आत शिरल्याचं भोक नसतं, बाहेर पडल्याचं असतं. वर्ग खूश झाला. मीही माझ्या उदाहरणावर खूश होते. त्या दिवशी तलासरीहून घरी येताना बसमध्ये मी ते मनात पुन्हा घोळवल्याचं मला आठवतं. आशागडच्या थांब्यावर बस थांबली तेव्हा ताईकडे उतरावं का, असं वाटून गेलं, पण दुसऱ्या दिवशी लवकर तास होता.

दुसऱ्या वर्षीच्या रांधपाला मी गेले तेव्हा ताई वाळली होती. उन्हाचे दिवस, चिकूची तोडणी, सासूचं सगळं अंगावर, असं तिनंच सांगितलं. स्वयंपाकघरात तिनं कापूर फार जाळला होता. धुरानं डोळे चुरचुरत होते. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "मनापासून करते बघ, मी एवढा कापूर कधी जाळला नव्हता." ताईनं गडद तपकिरी साडी नेसली होती. खीर तशीच छान झाली होती. त्या साली वाडीतला मोहोर मात्र फार गळला, आणि ताई त्याबद्दल विचारलं की गप्प बसायची.

त्यानंतरच्या दिवाळीआधी ती खरेदीला डहाणूला आली आणि माझ्याकडे राहिली. संध्याकाळी मी भाजी निवडत होते. ती म्हणाली, "तुझ्या त्या पुस्तकात असतं का गं, गेलेली पाळी परत येते?"

"कुणाची आली?"

"आमच्या पाड्यातल्या एका बाईची."

"किती दिवस गेली होती?"

"बरेच. मोकळीच झाली होती ती. आता मधूनच जातं. कधी कपड्यावर डाग, कधी जास्त."

मी शिक्षिकेच्या आवाजात सुरू झाले. एकदा पाळी जाऊन वर्ष उलटलं की परत येत नाही, येतं ते पाळीचं रक्त नसतं, त्या बाईला म्हणावं आजच्या आज डॉक्टरकडे जा. बोलता बोलता मी मान वर केली. माझ्या घरात सोफा आहे, खुर्च्या आहेत, दिवाण आहे. ताई दाराजवळ जमिनीवर बसली होती. पदराची घडी घालून, त्यावर. दुपारी देवघरातलं फूल दे म्हटलं तर तिनं ऐकलं नाही असं केलं होतं, तेही मला तेव्हाच आठवलं. माझ्या घरात तिला कुणी बाजूला बसवणार नव्हतं. सवयीनं अंग आपोआप तिथे जाऊन बसलं होतं.

मी म्हटलं, "ताई, कधीपासून?"

ती लगेच रडली नाही. आधी म्हणाली, "ओरडू नकोस." मग म्हणाली, "दुसऱ्या रांधपाच्या आधीपासून."

म्हणजे तो कापूर वास झाकायला होता. ती तपकिरी साडी डाग झाकायला. तिला वाटलं होतं पाळी परत आली. हे सांगितलं असतं तर ती मोकळी राहिली नसती. पळी गेली असती, पुन्हा पडवी आली असती. "आयुष्यभर बाहेर बसले गं," ती म्हणाली, "आता कुठे आत आले होते." तिनं एकदा लपवलं आणि तशीच रांधायला उभी राहिली. मग मोहोर गळला. तिला खात्री झाली की देवीला आपण विटाळाच्या हातचं खाऊ घातलं आणि त्याचंच हे झालं. आता सांगायची तर आणखीच सोय राहिली नाही. कमरेत दुखायला लागलं तेव्हा तिला ती शिक्षा वाटली. मी इतकी संतापले होते की भाजीची ताटली माझ्या हातून पडली. कुणावर संतापले होते, मला आजही सांगता येणार नाही. सासूनं तिला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. मान दिला, आणि त्या मानानंच तिचं तोंड बंद केलं.

डहाणूतल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि हात धुताना त्या बराच वेळ नळाखालीच हात धरून उभ्या राहिल्या. गर्भाशयाच्या तोंडावर फुलकोबीसारखी वाढ आहे, त्या मला म्हणाल्या, तुकडा पाठवू, पण तुम्ही मुंबईची तयारी ठेवा. तुकड्याच्या तपासणीत जे यायचं तेच आलं. मुंबईच्या हॉस्पिटलात सांगितलं की वाढ आजूबाजूला पसरली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही, किरणांचे शेक द्यायचे आणि सोबत सलाईनमधून औषध. वर्षभर आधी आला असतात तर, असं एक तरुण डॉक्टर म्हणाला.

ताईला सगळं समजून घ्यायचं होतं. आम्ही हॉस्पिटलच्या आवारात बाकावर बसलो होतो. ती पाय जमिनीला नीट टेकवून बसली होती, मी तिला तसं बसवलं होतं. मी वर्गात सांगते तेच तिला सांगितलं. पहारेकरी प्रथिन, लगाम धरणारं प्रथिन, बाहेरून आलेली दोन प्रथिनं. तिनं ते लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे देवीचा कोप नाही?"

"नाही."

"खरं सांग."

"देवीला यातलं काही माहीतसुद्धा नाही, ताई. हे रांधपाच्या कितीतरी वर्षं आधी तुझ्या आत आलेलं आहे. तू पडवीत बसत होतीस तेव्हाही ते होतं."

तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती बघून मला रडू फुटलं. एवढा मोठा रोग झालेला असताना ती बाई हलकी झाली होती.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो हे भावजींना डॉक्टरांकडून कळलं होतं. हॉस्पिटलबाहेर चहाच्या टपरीवर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे हे माझ्यामुळे?" त्या क्षणी मला हो म्हणून मोकळं व्हायचं होतं. फाडून खायचं होतं त्यांना. पण मी जे शिकवते तेच बोलले. हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी होतो, कुणाकडून आणि कधी ते सांगता येत नाही, बहुतेकांना कळतही नाही. त्यांनी मान हलवली. चहा तसाच ठेवला. ताईला शेक देऊन बाहेर आणायचे तेव्हा रोज तेच दाराशी उभे असत, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवते.

घरी सगळ्यांना पोटात गाठ आहे एवढंच सांगितलं. रक्ताचं नाही, लपवल्याचं नाही. तसं ताईनंच मला बजावलं होतं. सासूबाई तिला भेटल्या तेव्हा तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बरी होऊन ये. रांधप तुझंच हाय, कोण घेत नाय." ताईनं माझ्याकडे बघितलं. त्या वर्षी तिला उभं राहवत नव्हतं, तेव्हा सासूबाईंनीच कसंबसं बसून रांधलं.

पुढे तपासण्या झाल्या. वाढ दिसत नाही म्हणाले. ताईच्या अंगावर थोडं मांस आलं. डॉक्टरांनी बजावलं होतं की रक्ताचा एक थेंब दिसला तरी यायचं. शेकाच्या जखमेनंही रक्त येऊ शकतं, आणि रोग उलटल्यानंही. कुठलं ते तपासल्याशिवाय कळत नाही. मी तिला दर आठवड्याला फोनवर विचारायचे आणि ती "काही नाही गं" म्हणायची. तिच्या "काही नाही" वर माझा आता विश्वास उरला नव्हता. वर्गात तो धडा आला की मी चिकूचं उदाहरण गाळायला लागले.

या चैत्रात तिनं पुन्हा पळी हातात घेतली. मी पडवीत होते. माझी पाळी अजून चालू असल्यानं उंबऱ्याच्या आत मला प्रवेश नव्हताच, पण दारातून चूल दिसत होती. सासूबाई उंबऱ्यापाशी पाटावर. धाकटी जाऊ नारळ खवून झाल्यावर भिंतीशी बसली होती. तिची पाळीही मागल्या वर्षी गेली होती, तीही आता मोकळी होती. या खेपेला तिनं पळीवरून थट्टा केली नाही. भात उतरला होता, भाजी झाली होती, खीर उकळत होती.

ताई ढवळता ढवळता थांबली. मला वाटलं दमली. ती तशीच उभी राहिली, मग तिनं पळी पातेल्यावर आडवी ठेवली आणि चुलीपासून मागे सरली. पावलापावलानं उंबऱ्यापर्यंत आली, तो ओलांडून बाहेर आली आणि सासूबाईंसमोर उभी राहिली.

"आई, माझ्या हातनं नाही होणार. मला रक्त जातंय."

ताई बोलतच राहिली. "मागेपण जात होतं. तुम्ही मनापासून करते म्हणालात ना, त्या वर्षी. पळी जाईल म्हणून मी बोलले नाही. ती गाठ त्याचीच होती. तेव्हा बोलले असते तर बारीक असतानाच सापडली असती."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता विटाळाचं निघणार, मी तोंड उघडायच्या तयारीत होते. त्या म्हणाल्या, "आता कवापासून?"

"आज सकाळपासून."

सासूबाईंनी डोळे मिटले. आत खीर वर येत होती. मग त्या धाकट्या सुनेला म्हणाल्या, "जा गो, पळी घे तू."

जाऊ उठली नाही. तेव्हा मी तिच्याकडे नीट बघितलं. ती दाराजवळ, जमिनीवर, पदराची घडी घालून बसली होती.

"मना नका सांगू, आई," ती म्हणाली. तिनं तोंडावर पदर घेतला. "मना पण जातंय. दिवाळीपासून."

सासूबाईंनी भिंतीला हात लावला आणि त्या उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवत आत गेल्या. मला वाटलं आता त्याच खीर पुरी करतील. त्यांनी चुलीतली लाकडं एकेक बाहेर ओढली आणि पाणी मारलं. सगळीकडे धूर झाला. धुरातूनच त्या मला म्हणाल्या, "तुझी ती डॉक्टरीणबाई आज असंल का? दोघींना घेऊन जा."

भावजींनी शेजाऱ्यांची जीप आणली. ताई मागच्या सीटवर बसली. जाऊ चढली, आणि सीटच्या खाली, पाय ठेवायच्या जागेत, पदराची घडी घालून बसायला लागली. ताईनं तिचा दंड धरला आणि तिला वर ओढलं.

"वर बस," ताई म्हणाली. "मी खाली बसले म्हणून उशीर झाला."